अल्बमचे फोटो आमच्याकडे देण्यापूर्वी : फाइलींना क्रमांक कसे घालावेत

लग्नाच्या अल्बममध्ये मंगलाष्टकांच्या आधी सप्तपदी आली, तर छपाई कितीही सुरेख असली तरी पाहणाऱ्याचं मन खट्टू होतं. असा घोळ बहुतेक वेळा फाइलींच्या नावांमुळे होतो आणि फोटो देण्यापूर्वी थोडा वेळ काढला तर टाळता येतो.

कॅमेरा प्रत्येक फोटोला स्वतःच नाव देतो. कॅननमध्ये ‘आयएमजी’, निकॉनमध्ये ‘डीएससी’ आणि पुढे चार आकडे. आकडे चारच, त्यामुळे ९९९९ नंतर मोजणी पुन्हा ०००१ पासून सुरू होते. हळदीच्या वेळी हा टप्पा ओलांडला गेला, तर नावाप्रमाणे लावताना वरात हळदीच्या आधी येते. शिवाय एकाच कंपनीचे दोन कॅमेरे असतील तर दोन वेगळ्या फोटोंचं नाव तंतोतंत सारखं निघू शकतं. ते एका फोल्डरमध्ये आणताना संगणक विचारतो, जुन्या फाइलीच्या जागी नवी ठेवू का? घाईत ‘हो’ म्हटलं की एक फोटो कायमचा गेला. अशा वेळी दोन्ही फाइली ठेवण्याचा पर्याय निवडा.

क्रमांक घालण्याआधी सगळ्या फोटोंची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढा आणि काम त्या प्रतीवरच करा. मूळ फोटोंना हात लावू नका. लाइटरूम हे फोटो एडिट करण्याचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी तर हे नक्की पाळावं, कारण तिथल्या फोटोंचं नाव बाहेरून बदललं की लाइटरूमला ती फाइल सापडत नाही.

मग फोटो वेळेप्रमाणे लावा. विंडोजमध्ये ‘डेट टेकन’ या रकान्यावर लावायचं, ‘डेट मॉडिफाइड’वर नाही, कारण फोटो एडिट करून सेव्ह केला की ती दुसरी तारीख बदलते. दोन कॅमेऱ्यांच्या घड्याळांत फरक असला तरी गडबड होते. म्हणून समारंभाच्या सुरुवातीला दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच मोबाइलवरच्या घड्याळाचा फोटो काढून ठेवा. त्यावरून फरक कळतो आणि आम्ही तो दुरुस्त करून देतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो या क्रमात बसत नाहीत, त्यांतली काढल्याची वेळ पुसली जाते आणि फोटोही लहान होतो. नातेवाइकांकडून फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

सर्वांत सोपी रीत विंडोजमध्येच आहे. कंट्रोल-ए दाबून सगळे फोटो निवडा, एफ-२ दाबा, एक नाव टाइप करा आणि एंटर करा. सगळ्यांना तेच नाव मिळून पुढे कंसात १, २, ३ असे आकडे येतात. चुकलं तर लगेच कंट्रोल-झेड. मात्र या आकड्यांच्या आधी शून्य नसतात. विंडोज स्वतः ते बरोबर लावतं, पण अक्षरांप्रमाणे लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १ नंतर १०, मग १००, आणि २ कितीतरी मागे पडतो. म्हणून ००१, ००२ असे क्रमांक हवेत. फोटो हजार किंवा जास्त असतील तर चार आकडी. मॅकवर हा त्रास नाही. फाइंडरमध्ये फोटो निवडून ‘रिनेम’, मग ‘फॉरमॅट’ आणि ‘नेम अँड काउंटर’ घेतलं की आकड्यांच्या आधीचे शून्य आपोआप येतात.

विंडोजवर आम्ही इरफानव्ह्यू हे सॉफ्टवेअर सुचवतो. घरगुती वापरासाठी ते मोफत आहे, व्यवसायासाठी परवाना घ्यावा लागतो. ते उघडून ‘बी’ दाबा, ‘बॅच रिनेम’ निवडा आणि फोटो यादीत घ्या. यादीचा क्रम एकदा नीट पाहा, फोटो वर-खाली सरकवता येतात. नावाच्या चौकटीत # हे चिन्ह तीनदा, मग अंडरस्कोर (_), मग डॉलरचं चिन्ह आणि त्याला लागून कॅपिटल ‘एन’ लिहा. त्यामुळे आधी तीन आकडी क्रमांक आणि मागे कॅमेऱ्याने दिलेलं मूळ नाव, अशी फाइल तयार होते. आमचा आग्रह याच पद्धतीचा आहे. पुढे एखादा फोटो मोठा करून हवा असेल, तर मूळ नावावरून त्याची रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, लगेच शोधता येते.

नावांत तारीख घालायची असेल तर तिरप्या रेघा वापरू नका, विंडोज त्या स्वीकारत नाही. त्याऐवजी आडवी रेघ चालते. आकडे इंग्रजीच ठेवा.

एकदा फोटो आमच्याकडे दिले की क्रमांक बदलू नका. ‘८७ नंबरचा काढा, ११२ मोठा घ्या’ असं आपलं बोलणं त्याच क्रमांकांवर चालतं. मागाहून एखादा फोटो आठवला तर त्याला आधीच्या क्रमांकापुढे ‘ए’ जोडून पाठवा, म्हणजे ०८७ए. तो ०८७ आणि ०८८ यांच्या मधोमध लागेल. हे सगळं जमत नसेल तर पेनड्राइव्ह घेऊन दुकानात या. तुमच्या शेजारी बसून आम्ही क्रम लावून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.