दिसायचं थांबलं की असायचं थांबलं?

समुद्रकिनाऱ्यावर वाळूत उभं राहिलं, तर पाणी जिथे आभाळाला टेकतं ती रेघ आपल्यापासून जेमतेम पावणेपाच किलोमीटरवर असते. मासेमारीची होडी त्या रेघेपलीकडे गेली म्हणजे बुडाली नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. विश्वाचा विषय निघाला की मात्र भलेभले गडबडतात. ‘दिसणारं विश्व’ आणि ‘असणारं विश्व’ ही एकच गोष्ट समजून चालतात.

कंपासपेटीशेजारची 30 सेंटिमीटरची पट्टी घ्या. तिची दुप्पट करा, मग त्याची दुप्पट. 92व्या खेपेला तुम्ही दिसणाऱ्या विश्वाच्या बाहेर पडता. त्याचा व्यास साधारण 9,300 कोटी प्रकाशवर्षं. विश्वाचं वय तर 1,380 कोटी वर्षं, मग इतक्या लांबचा प्रकाश पोचला कसा? तो निघाला तेव्हा ती जागा बरीच जवळ होती. तो वाटेत असताना मधलं अवकाशच ताणत गेलं. या गोलाच्या मधोमध आपण आहोत, पण त्यात मिरवण्यासारखं काही नाही. किनाऱ्यावर उभा असलेला प्रत्येक जण आपापल्या क्षितिजाच्या मधोमधच असतो.

म्हणजे 9,300 कोटी हा आकडा आपल्या नजरेचा आहे, विश्वाचा नाही. पलीकडे किती आहे? इथे दुसरी गल्लत होते: ‘कड नाही’ म्हणजे ‘अनंत’, असं वाटतं. पृथ्वीच्या पाठीवर मुंगी कितीही चालली तरी कड लागणार नाही, पण पाठ मोजून तेवढीच आहे. विश्वातला सगळ्यात जुना प्रकाश मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या मोजमापांनुसार अवकाश जवळजवळ सपाट आहे, म्हणजे प्रचंड त्रिकोण काढला तरी कोनांची बेरीज 180 अंशच भरते. यावरून ‘ठरलं, विश्व अनंत’ असं म्हणणारे घाई करतात. जुन्या मोबाइलवरच्या सापाच्या खेळात साप उजवीकडून बाहेर पडून डावीकडून आत यायचा, आठवतंय? तो पडदा सपाट, बिनकडेचा, आणि तरीही इवलासा!

आता तीच पट्टी उलट दिशेने निम्मी करत चला. 31व्या खेपेला अणू येतो, 47-48व्याला प्रोटॉन. हे असं कायम चालेल? वैशेषिकांनी, म्हणजे अणू मानणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनातल्या विचारवंतांनी, फार पूर्वी ‘नाही’ म्हटलं, आणि त्यांचा मुद्दा मला अजून आवडतो: तुकडे कधी संपलेच नाहीत, तर मेरू पर्वतातही अनंत आणि मोहरीतही अनंत, मग दोन्ही सारखीच मोठी मानायची का? उत्तर मिळायला एकोणिसावं शतक उजाडलं. गणितज्ञ कँटरने दाखवलं, की बोटभर रेघेवर आणि कोसभर रेघेवर बिंदू अगदी सारखेच असतात. लांबी बिंदू मोजून ठरत नाही. त्यामुळे गणिताला अनंत तुकड्यांची अडचण नाही. पदार्थाला आणि अवकाशाला आहे का, हा वेगळा प्रश्न.

त्यावर हल्ली प्लँक लांबीचं नाव पुढे केलं जातं: ‘याहून लहान काही नसतंच, तो विश्वाचा पिक्सेल.’ पट्टीच्या हिशेबात ती 114व्या खेपेला येते. पण असा पिक्सेल कुणी पाहिलेला नाही. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लँकने 1899 मध्ये हे माप काढलं ते गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक, प्रकाशाचा वेग आणि स्वतःचा नवा स्थिरांक यांची सांगड घालून. खरी भानगड अशी, की जितकं बारीक बघायचं तितकी जास्त ऊर्जा एका ठिकाणी कोंबावी लागते. त्या पातळीला ती इतकी होते, की आजच्या सिद्धान्तांनुसार तिथे कृष्णविवरच तयार व्हावं. बघायला गेलो आणि खिडकीच बंद झाली, असा प्रकार. खिडकीपलीकडे अवकाश दाणेदार आहे की सलग, हे त्यावरून ठरत नाही. इथेही दिसायचं थांबणं आणि असायचं थांबणं यांचीच सरमिसळ झालेली असते.

आणि तिथवर पोचलंय तरी कोण? जिनिव्हाजवळचा 27 किलोमीटर घेराचा कणवेगक (कणांना प्रचंड वेग देऊन एकमेकांवर आदळवणारं यंत्र) वापरूनही माणूस साधारण 62व्या खेपेपर्यंतच गेलाय. पुढच्या 52 खेपा आजवर फक्त कागदावर झाल्या आहेत.