तर्रीत मटणाची ताकद नसते

श्रावण सरून पोळ्याची कर आली की विदर्भातील गावोगावी मटण शिजते आणि आजारातून उठलेल्या माणसाला रस्स्यावरची लालभडक तर्री आग्रहाने वाढली जाते, कारण मटणाचा सारा कस तिच्यात उतरतो, असा समज पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. तो चुकीचा आहे. तर्री म्हणजे फोडणीचे तेल आणि मांसातून वितळलेली चरबी. तिखटाचा रंग तेलात विरघळतो, म्हणून ती लाल दिसते. शरीराची झीज भरून काढणारी प्रथिने तेलात विरघळत नाहीत, ती बहुतांशी फोडींमध्येच राहतात. तर्रीतून मिळते ती ऊर्जा, आणि तीही एका ग्रॅम चरबीमागे 9 किलोकॅलरी, म्हणजे प्रथिनांच्या दुपटीहून अधिक.

खरी निवड खाटकाकडेच करावी लागते. बरगडीच्या तुकड्यांना चरबीचे थर असतात, तर मांडीचे मांस तुलनेने कोरडे असते आणि नेमके तेच ‘बेचव’ म्हणून नाकारले जाते. वास्तविक मंद आचेवर पुरेसा वेळ दिल्यास ते चांगले मऊ होते. कोंबडीची बरीचशी चरबी कातडीत व तिच्याखाली असते. कातडी काढलेल्या छातीच्या 100 ग्रॅम कच्च्या मांसात साधारण 22 ग्रॅम प्रथिने आणि जेमतेम 2-3 ग्रॅम चरबी असते.

सावजीच्या शौकिनांना हे रुचणार नाही, परंतु मसाला सोडण्याची गरज नाही. रस्सा निवल्यावर वर जमलेला तवंग पळीने काढून घेतला तरी पुरेसे आहे.