घरची मराठी इंग्रजीच्या आड येत नाही
मूल इंग्रजी माध्यमात गेले की घरी मराठी बोलणे थांबवावे, नाहीतर त्याचे इंग्रजी कच्चे राहते, हा इंदूरच्या मराठी घरांत जुना असलेला समज चुकीचा आहे. द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडल्याप्रमाणे, पहिल्या भाषेत कमावलेली वाचनाची आणि विचार मांडण्याची क्षमता दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडते. मात्र त्या दुसऱ्या भाषेचाही पुरेसा सहवास हवा. मराठीत इंग्रजीतल्या ‘ए’, ‘द’ यांसारखी नामाआधी येणारी उपपदे नसल्याने मूल इंग्रजीत ती गाळते, हे खरे. पण ‘एक मुलगा आला, तो मुलगा रडत होता’ या वाक्यातला ‘एक’ आणि ‘तो’ यांचा फरक दाखवला की तो नियम त्याला मराठीतूनच उमगू लागतो. शेजारचे हिंदीभाषक मूलही हीच चूक करते, कारण हिंदीतही उपपदे नाहीत. अशा चुकीपायी आजीच्या गोष्टी बंद करणे मला फार मोठे नुकसान वाटते.