‘विदर’ आणि घोड्याचे ‘विदर्स’

इंग्रजीत कोमेजण्याला ‘विदर’ म्हणतात, आणि घोड्याच्या मानेमागे, खांद्यांमधल्या उंचवट्याला ‘विदर्स’. उच्चार जुळतो म्हणून दोन्ही एकाच मुळाचे, असा समज आहे. तो चुकीचा.

क्रियापद आलं ते बहुधा ‘वेदर’, म्हणजे हवामान, या शब्दातून. १४व्या शतकात ते ‘विडरेन’ असं होतं. उन्हावाऱ्यात उघडं पडून सुकणं, हा मूळ अर्थ. (आपल्याकडे हवा लागली की पापड मऊ पडतो, तिकडे पान वाळतं!) घोड्याचा ‘विदर’ मात्र जुन्या इंग्रजीतला, ‘विरुद्ध’ या अर्थाचा: गाडी ओढताना जोर जिथे येऊन अडतो तो भाग. जर्मनमध्ये तर हा फरक आजही दिसतो: उंचवटा ‘विडररिस्ट’, आणि ऊनपावसाने दगड झिजणं ‘फरविटर्न’.