२१६१चा आकडा आणि किनाऱ्यावरची वाडी

सिंधुदुर्गाला ‘पर्यटन जिल्हा’ म्हणून घोषित केलं ते १९९७ साली. पुढच्याच वर्षी २६ जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि तारकर्लीचं नाव पुण्या-मुंबईच्या घराघरांत पोचलं. त्याआधीचा इतिहास, म्हणजे १६६४ साली कुरटे बेटावर सुरू झालेलं सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम वगैरे, पर्यटनाच्या माहितीपत्रकात हमखास असतो. वाडीत कुणी काय बांधायचं, हे मात्र १९९१च्या सीआरझेडपासून, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांसाठी केंद्राने काढलेल्या नियमांपासून, ठरत आलं आहे.

ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम नको, असा तो नियम. मच्छीमारांच्या आणि स्थानिकांच्या घरांना १०० मीटरच्या पलीकडे पुढे थोडी सवलत मिळाली. पण कोकणात घर, माडांची बागायत आणि होडी ओढून ठेवायची जागा या सगळ्या गोष्टी त्याच पट्ट्यात नांदतात.

खरी मेख सीआरझेडच्या २०१९च्या अधिसूचनेत आहे. २०११च्या जनगणनेनुसार गावाची घनता दर चौरस किलोमीटरला २१६१हून जास्त असेल तर बंदीचा पट्टा ५० मीटरच, नाहीतर २००चे २०० कायम. केरळातल्या गजबजलेल्या किनाऱ्याला हा आकडा मानवेल. सिंधुदुर्ग जिल्ह्याची घनता होती १६३! इथे वाडीत एकाच्या आवाराच्या दगडी गडग्याला दुसऱ्याचा गडगा लागलेला असतो, पण हिशेबात मागचा ओसाड कातळसडाही धरला जातो आणि गाव कागदावर विरळ ठरतं. त्याच बंदीच्या पट्ट्यात पर्यटकांसाठीच्या तात्पुरत्या झोपड्यांना मात्र भरतीरेषेपासून १० मीटरवर मुभा. पोराला वेगळी चूल मांडायला जागा नाही, पाहुण्याच्या सरबताला आहे. याला शाश्वत पर्यटन म्हणायचं तर म्हणा.

संस्कृतीचं कलम प्रत्येक आराखड्यात असतं: दशावतार, चित्रकथी, लाकडी खेळणी. २०२५ साली सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे किल्ले जागतिक वारसा यादीतही गेले. रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून केलेल्या सामूहिक मासेमारीचा, विचार मात्र क्वचितच होतो, कारण ती मंचावर दाखवता येत नाही. तिला मोकळी पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, लागते. जाळ्याचे दोन्ही दोर धरून तीस-चाळीस माणसं मागे मागे सरकतात, पार माडांच्या मुळापर्यंत. काही ठिकाणी आता त्याआधीच पाठ कुंपणाला लागते.