ओलीचं सॅम्पल सुकवून आणू नका भाऊ

मागं आमच्या माती तपासणीच्या लॅबमध्ये एक काका संत्र्याच्या वावरातली माती घेऊन आले, चाळून, सावलीत सुकवून, फडक्यात बांधून, आणि म्हणे बगिचा ताणावर आहे (म्हणजे बहारासाठी पाणी तोडलंय), यात ओल कितपत राहिली ते सांगा. आता सुकवलेल्या मातीत आम्ही काय पाहणार? चूक त्यांचीही नाही म्हणा, एनपीकेच्या (नत्र-स्फुरद-पालाश) तपासणीला माती सुकवूनच देतात, तीच सवय. पण हर आठवड्याला असे दोन-तीन जण परत पाठवावे लागतात, त्यांचीही चक्कर वाया अन् आमचाही वेळ.

ही टेस्ट वेगळी आहे. मातीत पाणी किती, यापेक्षा माती ते किती घट्ट धरून बसली हे यात कळतं. 20 टक्के ओल रेताड जमिनीत म्हणजे चंगळ, पण भारी काळ्या मातीत तेवढ्याच ओलीवर झाड मान टाकू शकते, कारण चिकण माती पाणी सोडतच नाही. ही पकड बार या मापात मोजतात, आकडा जितका मोठा तितकी पकड घट्ट. साधारण पाव ते अर्धा बार म्हणजे वाफसा, 15 बारच्या पुढं बहुतेक पिकांची मुळं हात टेकतात.

तर एक फुटावरचं ढेकूळ अख्खं काढा, फोडू नका, तिथंच पन्नीत टाका, हवा दाबून काढा, वरून दुसरी पन्नी अन् टेप. गाडीच्या डिक्कीत उन्हात ठेवू नका, पन्नीला आतून थेंब दिसले की समजा ते पाणी मातीतून निघालं. शक्यतो त्याच दिवशी आणा.

"बाकीचे तर लगेच मीटर खुपसून सांगतात, तुम्हाला इतके दिवस काऊन लागतात?" अहो, ते मीटर ओल किती ते सांगते. आम्ही मातीत तीन फिल्टर पेपर दाबून डबा सील करतो, 7 दिवस थर्माकोलच्या पेटीत ठेवतो, मग मधला पेपर चिमट्यानं उचलून लगेच वजन. पेपरच पाव ग्रॅमच्या आसपास, त्यात बोट लागलं तरी आकडा बिघडतो. नंतर तो ओव्हनमध्ये 105 डिग्रीवर सुकवून पुन्हा वजन. दोन्ही वजनांवरून पेपरनं मातीतून किती पाणी ओढलं ते कळतं, अन् त्यावरून मातीची पकड. यात घाई केली तर रिपोर्ट मिळेल, पण खोटा.

पन्नी अन् टेप काउंटरवर फुकट आहे, आधी घेऊन जा. ड्रिप किती वेळ चालवायचं तेही रिपोर्टसोबत बसून सांगतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. बाजाराच्या दिवशी सॅम्पल दिलं तर पुढच्या बाजारी रिपोर्ट मागू नका, दोन दिवस वर धरा.