मुद्दाम बुडवलेली जहाजं: एका रहस्यकथेची पार्श्वभूमी

शांत समुद्र, स्वच्छ हवा, आणि तरीही एक मालवाहू जहाज बघता बघता बुडतं. खलाशी सुखरूप किनाऱ्याला लागतात, मालक विम्याचा दावा ठोकतो आणि विमा कंपनी एका पाणबुड्याला तळाशी पाठवते. खाली त्याला जे सापडतं ते कुणाला सापडूच नये अशी व्यवस्था कुणीतरी केलेली असते. स्टेशनवरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या रहस्यकथांनी हे कथानक इतकं वापरलंय की ते लेखकांच्या डोक्यातूनच निघालं असावं असं वाटतं. खरं तर ते कोर्टाच्या कागदपत्रांतून आलंय. पाणबुड्या तेवढा नवा. बाकीची पात्रं दोन हजार वर्षांहून जुनी आहेत.

इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात अथेन्सच्या कोर्टात एक खटला चालला. त्यासाठी डेमोस्थिनीस या वक्त्यानं लिहिलेलं भाषण आजही उपलब्ध आहे. त्या काळी सागरी व्यापारासाठी खास कर्ज मिळे: जहाज सुखरूप पोचलं तर भरभक्कम व्याजासह फेड, बुडालं तर कर्ज माफ. हेगेस्ट्रेटस नावाच्या जहाजमालकानं आणि झेनोथेमिस नावाच्या त्याच्या साथीदारानं सिसिलीतल्या सिरॅक्यूजमध्ये असं कर्ज उचललं, पैसे परस्पर आपल्या गावी धाडले आणि दुसऱ्याचं धान्य भरून जहाज हाकारलं. दोन-तीन दिवसांनी, रात्री, झेनोथेमिस वर डेकवर प्रवाशांत मिसळून राहिला आणि हेगेस्ट्रेटस खाली उतरून तळाला भोक पाडू लागला. आवाज ऐकून लोक धावले. हा पळाला, मागे बांधलेल्या होडीत उडी टाकायला गेला, अंधारात अंदाज चुकला आणि बुडून मेला. जहाज मात्र बंदराला लागलं. या गुन्ह्याची सगळी अंगं या गोष्टीत आहेत: बुडण्यातच फायदा दडवणारा करार, भलत्याच माणसाचा माल, आणि काहीच ठाऊक नसलेले प्रवासी.

पुढे कर्जाची जागा विम्यानं घेतली, पण हिशेब तोच राहिला. १८७२ साली भर समुद्रात रिकामं सापडलेलं ‘मेरी सेलेस्ट’ सगळ्यांना माहीत असतं. त्याचा शेवट कसा झाला हे फार कमी जणांना ठाऊक असतं. जानेवारी १८८५मध्ये त्याचा शेवटचा कप्तान गिलमन पार्कर यानं ते हैतीजवळच्या खडकावर नेऊन घातलं. जहाजावर मौल्यवान माल असल्याचं दाखवून ३०,००० डॉलरचा विमा उतरवला होता. वाचवलेला माल पार्करनं तिथल्या अमेरिकी वाणिज्यदूताला ५०० डॉलरला विकला आणि खोकी उघडल्यावर आत जवळजवळ कचराच निघाला. बोस्टनच्या ज्यूरीचं एकमत झालं नाही, त्यामुळे पार्कर सुटला. तरी लबाडी उघडी पडली, कारण जहाज खोल पाण्यात गेलंच नव्हतं. चार-पाचशे फूट पाण्याखाली गेलं असतं तर त्या काळी ती खोकी कुणालाच उघडता आली नसती. इथूनच पाणबुड्याची गरज सुरू होते.

ब्रिटनमध्ये त्याच सुमारास सॅम्युएल प्लिमसोल हा खासदार जुनाट, वाजवीपेक्षा जास्त विमा उतरवलेल्या आणि वाजवीपेक्षा जास्त लादलेल्या जहाजांविरुद्ध भांडत होता. खलाशी त्यांना शवपेट्याच म्हणत. १८७६च्या कायद्यानं जहाजाच्या कडेवर भाररेषा, म्हणजे माल कुठवर लादायचा ते दाखवणारी खूण, आली; ती त्याच्याच नावानं ओळखली जाते.

तांब्याचं शिरस्त्राण, वरून नळीनं हवा आणि शिशाचे जोडे हा पाणबुड्याचा वेश १८३०च्या दशकात ऑगस्टस सीबेच्या हातून पक्का झाला. पण त्या वेशात फार खोल जाता येत नसे. खोल पाण्यातल्या कामाचा पहिला मोठा धडा मिळाला तो मुंबईकडे निघालेल्या एका जहाजामुळे. पी अँड ओ कंपनीचं ‘इजिप्त’ लंडनजवळच्या टिलबरीहून सुटलं आणि २० मे १९२२ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन बुडालं. यात संशयाला जागा नव्हती. मात्र पोटात दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचं सोनं-चांदी होतं आणि खोली सुमारे ४०० फूट. लंडनच्या लॉइड्स या विमा बाजारातल्या विमा उतरवून घेणाऱ्यांनी भरपाई दिली आणि पुढे इटलीच्या ‘आर्टिलिओ’ या बोटीवरच्या माणसांनी शोध घेतला. जाड काचांच्या खिडक्या असलेल्या पोलादी कोठडीत एक माणूस खाली जाई आणि टेलिफोनवरून वरच्या क्रेनवाल्याला हात कुठे घालायचा ते सांगे. त्यांचा प्रमुख पाणबुड्या अल्बेर्टो जिआन्नी आणि अनेक सोबती डिसेंबर १९३०मध्ये दारूगोळ्यानं भरलेलं दुसरं एक बुडीत जहाज फोडताना स्फोटात गेले. उरलेल्यांनी दुसऱ्या बोटीवरून काम चालू ठेवलं आणि १९३२ साली सोनं वर काढलं. रहस्यकथांतल्या नायकाचं धाडस मला या माणसांपुढे फिकं वाटतं.

१९४३मध्ये फ्रान्सच्या झाक कुस्टो आणि एमिल गान्यां यांनी पाठीवरच्या टाकीतून मागणीप्रमाणे हवा देणारं यंत्र तयार केलं. नळीचा दोर सुटला, पाणबुड्या मोकळा पोहू लागला आणि कथालेखकांना एकटा नायक मिळाला. तो खाली काय बघतो? भोकाच्या कडेचे पत्रे आत वळलेत की बाहेर. आत वळले असतील तर खडक, टक्कर किंवा बाहेरचा मारा. बाहेर वळले असतील तर स्फोट आतून. समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या झडपा उघड्या आहेत की बंद. आणि कागदावर लिहिलेला माल खरंच तिथे आहे का. मात्र साध्या हवेवर तीसेक मीटर खाली गेलं की नायट्रोजनची झिंग चढते, विचार मंदावतो. आणि ठरवून जहाज बुडवणारा सहसा उथळ जागा निवडत नाही.

‘सालेम’ या तेलवाहू जहाजाच्या बाबतीत म्हणूनच पुरावा वरच मिळाला. कुवेतहून सुमारे १,९०,००० टन कच्चं तेल घेऊन निघालेलं हे जहाज १७ जानेवारी १९८० रोजी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ बुडालं. सुटका करायला आलेल्या ‘ब्रिटिश ट्रायडंट’च्या लोकांना नवल वाटलं: खलाशांच्या बॅगा नीट भरलेल्या, बरोबर सँडविच, पण जहाजाची नोंदवही तेवढी घ्यायची राहून गेलेली. समुद्रावर तेलाचा तवंगही मोजकाच. बहुतेक तेल आधीच डर्बनला गुपचूप उतरवलं होतं. वर्णद्वेषी राजवटीवरच्या तेलबंदीमुळे दक्षिण आफ्रिकेला ते हवंच होतं. माल शेल या तेल कंपनीनं विकत घेतलेला होता.

‘लुकोना’ या मालवाहू जहाजाची गोष्ट याहून काळी आहे. व्हिएन्नातल्या प्रसिद्ध ‘डेमेल’ मिठाईघराचा मालक उडो प्रोक्श याच्याकडे सत्ताधारी राजकारण्यांची ऊठबस असे. त्यानं युरेनियम खनिजावर प्रक्रिया करणारा कारखाना म्हणून २१.२ कोटी शिलिंगचा विमा उतरवला आणि जहाजावर चढवलं ते भंगार. २३ जानेवारी १९७७ रोजी हिंदी महासागरात स्फोट झाला. जहाजावर बारा माणसं होती, सहा गेली. विमा कंपनीनं पैसे द्यायला नकार दिला, पण प्रकरण वर्षानुवर्षं दाबलं गेलं. अखेर १९८९मध्ये ऑस्ट्रियाचे गृहमंत्री कार्ल ब्लेखा आणि संसदेचे अध्यक्ष लिओपोल्ड ग्रात्झ यांना पायउतार व्हावं लागलं. चेहरा बदलून फिरणारा प्रोक्श त्याच वर्षी पकडला गेला. खटला चालू असताना, १९९१मध्ये, बुडीत जहाजं शोधणारे डेव्हिड मर्न्स यांच्या पथकानं सुमारे ४,२०० मीटर खोलीवर जहाजाचा सांगाडा शोधला. तिथे पाणबुड्या जाऊच शकत नाही. सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी शोध घेणारं उपकरण, आणि कॅमेरे लावलेलं यंत्र गेलं. प्रोक्शला आधी वीस वर्षांची आणि अपिलानंतर जन्मठेपेची शिक्षा झाली. २००१ साली तो कैदेतच मेला. एवढ्या खोलीवरचं जहाज खुनाच्या खटल्यात पुरावा म्हणून उभं राहू शकतं, हे या प्रकरणानं दाखवलं.

कायदा फारसा गुंतागुंतीचा नाही. ब्रिटनच्या १९०६च्या आणि भारताच्या १९६३च्या सागरी विमा कायद्यात, दोन्हींच्या ५५व्या कलमात, विमाधारकाच्या हेतुपुरस्सर गैरवर्तनामुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी विमा कंपनीवर नाही असं म्हटलंय. पण गैरवर्तन सिद्ध करायचं ते कंपनीनंच. म्हणून कुणालातरी जागेवर जाऊन डोळ्यांनी बघावं लागतं. जुलै २०११मध्ये एडनजवळ ‘ब्रिलान्टे व्हर्चुओसो’ हे तेलवाहू जहाज पेटलं. चाच्यांनी हल्ला केला असं सांगितलं गेलं. विमा कंपन्यांसाठी पाहणी करणारे ब्रिटिश सर्वेक्षक डेव्हिड मॉकेट जहाजावर जाऊन आले. हल्ल्याच्या खुणा त्यांना पटल्या नाहीत. २० जुलै रोजी एडनमध्ये त्यांच्या गाडीत बाँबस्फोट झाला आणि ते ठार झाले. लंडनच्या उच्च न्यायालयानं २०१९ साली निकाल दिला की हल्ला बनावट होता आणि त्यामागे जहाजाचा मालकच होता.